कर्करोगाच्या उपचारांनंतर टेकडी चढण्याआधी : या चुका टाळा

पन्नाशीच्या आसपास कर्करोगाचे उपचार संपवून घरी आलेला पुणेकर बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. काही जण घरच्यांच्या आग्रहाखातर महिनोन्‌महिने पलंग आणि आरामखुर्ची सोडत नाहीत, तर काही जण रिपोर्ट चांगला आला की पुढच्याच रविवारी सिंहगडाची वाट धरतात. दोघांचीही चूक एकच असते : आपल्यावर कोणते उपचार झाले आणि त्यांनी शरीरात काय बदलले, हे न पाहताच दोघेही निर्णय घेतात.

'भरपूर आराम केला की थकवा जाईल' हा समज सर्वांत चिवट आहे. केमोथेरपी आणि रेडिएशननंतरचा थकवा नुसत्या झोपेने भरून निघत नाही. उलट पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि तेवढ्याच कामाला अधिक दम लागू लागतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मनाची उदासी यांची तपासणी आधी करून घ्यावीच, परंतु त्यानंतर या थकव्यावर संशोधनाचा सर्वाधिक आधार असलेला उपाय बेताचा व्यायाम हाच आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी 30 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम एवढ्यानेही थकवा, चिंता आणि दैनंदिन हालचाल यांत फरक पडतो. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन फेरे घ्यावेत.

मित्राने केले तेच आपणही करणे, ही दुसरी चूक. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही कर्करोगाची औषधे घेतलेल्यांच्या हृदयाच्या पंपिंगवर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून चढाचा विचार करण्यापूर्वी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) केव्हा झाला होता आणि पुन्हा करायला हवा का, हे डॉक्टरांना विचारावे. स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या किंवा प्रोस्टेटसाठी हार्मोनची इंजेक्शने चालू असतील तर हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. तेथे आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, उड्या नंतर. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांनंतर तळपाय बधिर झाले असतील, तर तळजाई टेकडीच्या पायवाटेवरचा सुटा खडा पायाला कळतच नाही आणि तोल जातो. अशांनी काही महिने सपाट, फरसबंद जागी घट्ट बुटांत चालावे आणि घरी आल्यावर तळवे उजेडात पाहावेत, कारण फोड आला तरी तो दुखेलच असे नाही.

तरीही सर्वाधिक नुकसान करणारी चूक वेगळीच आहे, ती म्हणजे फक्त चालणे. आपल्याकडे व्यायाम म्हणजे सकाळचा फेरफटका, असे समीकरणच आहे. चालण्याने दमसास वाढतो, पण उपचारांत गेलेला मांडीचा आणि पाठीचा स्नायू केवळ त्याने परत येत नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढताना हे जाणवत नाही. उतरताना मांड्या लटपटतात, तेव्हा कळते, कारण उतरताना शरीराचा भार त्याच स्नायूंना रोखून धरावा लागतो. स्वतःची परीक्षा घरातच घेता येते. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवावी, हात छातीवर दुमडावेत आणि 30 सेकंदांत कितीदा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. चक्कर येण्याची सवय असेल तर कोणीतरी शेजारी असावे. हीच उठबस पुढे व्यायामही होते : आठ-दहा वेळा, थोडे थांबून पुन्हा तेवढ्याच वेळा, आठवड्यातून दोन दिवस. बसताना सावकाश बसायचे, धपकन नाही. ओट्याला हात टेकून टाचा उचलणे आणि रबरी पट्टी ओढणे ही त्यापुढची पायरी.

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिका गाठी काढलेल्या स्त्रियांना, हाताला सूज येईल या भीतीने, 'त्या हाताने काही उचलू नका' असे अजूनही सांगितले जाते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अशी सूज आधीच असलेल्या आणि देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलेल्या स्त्रियांच्या हाताची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र अशी सूज असेल तर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने दाबपट्टी घालूनच सुरुवात करावी. पोटावर स्टोमा (मल किंवा मूत्र बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेले छिद्र) असलेल्यांनीही वजन उचलण्याचा निर्णय स्वतःहून घेऊ नये.

आहाराबद्दल एवढेच, की चहा-पोह्यांच्या न्याहारीवर स्नायू बनत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर उसळ, दही, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे.

व्यायाम केल्यावर दुसऱ्या सकाळीही अंग गळालेलेच असेल, तर व्यायाम बंद न करता वेळ कमी करावा आणि आठवडाभर तेवढ्यावरच राहावे. दुसरीकडे, 2025 मधील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीचा निष्कर्ष 'व्यायाम केला की कर्करोग परतत नाही' असा पुढे पाठवला जातो, तोही ताणू नये. त्या चाचणीत तीन वर्षांच्या आखीव कार्यक्रमात असलेल्यांपैकी 80.3 टक्के लोक पाच वर्षांनी रोगमुक्त होते, तर केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्यांत हे प्रमाण 73.9 टक्के होते. फरक मोठा आहे, पण तो त्या एका कर्करोगापुरता दिसलेला आहे, आणि तपासण्या चुकवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. छातीत दुखणे, बसल्या जागी दम लागणे किंवा एकाच पोटरीला सूज येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रात्री जागे करणारे हाडाचे नवे दुखणे मात्र 'व्यायामाने अंग धरले असेल' म्हणून अंगावर काढू नये, ते पुढच्या तारखेची वाट न पाहता ऑन्कॉलॉजिस्टच्या (कर्करोगतज्ज्ञाच्या) कानावर घालावे.