ओंडके आधी मोजा, मिल नंतर घ्या: पहिली फिरती आरागिरणी घेताना

अमेरिकेत पश्चिम पेनसिल्व्हेनियात आमच्या घरामागच्या रानातली ॲश या कडक लाकडाच्या जातीची झाडं उभ्या उभ्या वाळली. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा चकचकीत किडा अमेरिकेत पहिल्यांदा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि २००७ मध्ये आमच्या राज्यात पोचला. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे पोखरते, वरून खाली येणारा अन्नरस तुटतो आणि चार-पाच वर्षांत झाड जातं. एवढं सरळ, चिवट लाकूड जळणात घालणं माझ्या जिवावर आलं. लहानपणी कोकणात पाडलेल्या फणसाच्या फळ्या आरागिरणीतून घरी आल्या, तेव्हा तो पिवळाधमक गाभा मी हात फिरवून पाहिला होता. स्वतःच्या झाडाची फळी काय असते, ते तेव्हापासून मनात आहे.

फिरती आरागिरणी, म्हणजे इथल्या बोलीत पोर्टेबल सॉमिल, घ्यायचा विचार अनेकांच्या मनात असाच एखाद्या पडलेल्या झाडापासून सुरू होतो. माझं ठाम मत आहे की मिल निवडायची ती आपल्या ओंडक्यांवरून आणि ते हलवायच्या सोयीवरून. इंजिनाच्या हॉर्सपॉवरचा विचार त्यानंतर.

आधी टेप घेऊन रानात जा

प्रत्येक ओंडक्याचा बारीक टोकाकडचा व्यास सालीच्या आतून मोजा, लांबी मोजा, वहीत लिहा. इथे लाकूड बोर्ड फुटात मोजतात: १२ इंच लांब, १२ इंच रुंद, एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट. ओंडक्यातून किती बोर्ड फूट निघतील याचा अंदाज काढायला पूर्वेकडच्या राज्यांत डॉयलचा हिशोब बराच चालतो. इंचातल्या व्यासातून ४ वजा करा, उत्तराचा वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा आणि १६ ने भागा. २० इंच व्यासाचा १० फुटी ओंडका १६० बोर्ड फुटांचा निघतो. बारीक ओंडक्यांना हा हिशोब फार कमी माप देतो, प्रत्यक्षात फळ्या जास्त पडतात.

आता वजन. तोच ओला ॲश साधारण १,०५० पौंड, म्हणजे पावणेपाचशे किलो भरतो. तेवढाच व्हाइट ओक १,३५० पौंडांच्या घरात जातो. हा आकडा वहीत ठळक लिहा, कारण मिल घेतल्यावर रोजचा घाम इथेच गळतो. ओंडका मिलपर्यंत आणायचा कशाने, चढवायचा कसा, फिरवायचा कोणी? दोन चांगले कँट हूक (ओंडका लोळवायचे आकडे लावलेले दांडे), उताराचे दोन रॅम्प आणि एक विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) एवढ्यावर माझं काम चालतं, पण आमचं रान सपाट आहे. चढ-उताराची जागा असेल तर ट्रॅक्टरचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात मिल बघा.

वहीत एकूण दोन-तीन हजार बोर्ड फूटच भरत असतील, तर मिल घेऊच नका. आपली मिल ट्रेलरवर घेऊन दारात येऊन फळ्या पाडून देणारे लोक जवळपास मिळतात. मिल घ्यायचीच असली, तरी एक दिवस अशा माणसाला बोलवा आणि त्याच्या हाताखाली राबा. कुठलंही माहितीपत्रक शिकवणार नाही इतकं त्या दिवसात कळतं.

तीन जाती

चेनसॉला, म्हणजे साखळीच्या करवतीला, फ्रेम लावून फळ्या पाडायची सोय सगळ्यांत स्वस्त. ग्रॅनबर्गची अलास्कन मिल त्यातली जुनी आणि प्रसिद्ध. ओंडका हलवावा लागत नाही, झाड पडलं तिथेच काम होतं. पण चेनचा काप ३/८ इंचाच्या आसपास रुंद. बारा काप घेतले की साडेचार इंच लाकडाचा भुसा होतो. पट्ट्यासारख्या पातळ बँड ब्लेडच्या मिलला तेच काम दीड इंचाच्या आत भागतं. टेबलासाठी वर्षाला दोन-चार रुंद पाट्या हव्या असतील, तर मात्र चेनसॉच बरा.

दुसरी जात स्विंग ब्लेडची: ऑस्ट्रेलियाची लुकस, न्यूझीलंडची पीटरसन. गोल ब्लेड आडवं आणि उभं फिरतं, फार जाड ओंडका जागीच चौकोनी कापून निघतो. आमच्याकडे अशी झाडं क्वचित, म्हणून तिकडे मी फार वळलो नाही.

तिसरी बँडसॉ मिल: दोन चाकांवर ताणलेलं बँड ब्लेड रुळांवरून ढकलत ओंडक्यातून न्यायचं. पहिल्या खरेदीला बहुतेकांनी हीच घ्यावी. इंडियानाची वुड-मायझर, कॅनडाची नॉरवुड ही त्यातली जुनी नावं. हाताने ढकलायची साधी मिल काही हजार डॉलरला मिळते. ओंडका उचलणारी आणि फिरवणारी हायड्रॉलिक मिल तिच्या अनेक पट महाग. पाठीचं दुखणं नसेल आणि धंदा करायचा नसेल, तर हाताची पुरते.

विकणाऱ्याला काय विचारायचं

‘२६ इंची मिल’ म्हणजे २६ इंचाचा ओंडका आत जातो, एवढंच. फळीची कमाल रुंदी बहुतेकदा त्याहून काही इंच कमी असते. ती वेगळी विचारा. लांबीचंही तसंच. घराच्या शेडला १६ फुटी वासे हवे असतील, तर रुळांचा जोडतुकडा मिळतो का आणि केवढ्याला, हे आजच लिहून घ्या. आधी आखूड रूळ घेऊन पुढे वाढवणं चांगलं. कडक लाकूड कापणार असाल तर इंजिन १४ हॉर्सपॉवरच्या आसपास असावं. पाइनवर त्याहून कमीही चालतं.

जुनी मिल बघायला जाताना दोरी आणि जाडी मोजायचा कॅलिपर खिशात ठेवा. दोरी रुळांवर ताणून धरली की वाक लगेच दिसतो. मी एक मिल अशीच नाकारली. रंग नवा होता, मधला रूळ पाव इंच खचलेला. बँडची चाकं हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. मग त्यांच्याच अंगणात गाठाळ, रुंद ओंडक्यातून एक फळी पाडायला लावा आणि दोन्ही टोकं आणि मध्य मोजा. फळी लाटेसारखी आली तर ब्लेड बोथट असेल, ताण कमी असेल किंवा ढकलण्याची घाई झाली असेल. नवं ब्लेड लावूनही तसंच झालं तर निघून या.

ब्लेड एक-दोन नकोत, दहा घ्या. ओंडके चिखलाचे असतील तर ब्लेड तासाभरात बोथट होतं. धार लावून कोण देतं, टपालाने पाठवता येतात का, हे खरेदीआधीच शोधून ठेवा. दुमडलेलं ब्लेड सोडताना स्प्रिंगसारखं उसळतं, म्हणून जाड हातमोजे आणि चष्मा दोन्ही लागतात. ब्लेडच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका.

घराच्या आवारातला ओंडका असेल तर मेटल डिटेक्टरही घ्या. शेजारच्या अंगणातल्या एका ओकच्या कापलेल्या टोकावर मला शाई सांडल्यासारखा निळा-काळा डाग दिसला होता. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की असा डाग पडतो. तेव्हा मला तो वाचता आला नाही. तिसऱ्या कापाला आत गिळला गेलेला खिळा लागला आणि नवंकोरं ब्लेड दात गमावून बसलं. आता डाग दिसला की तेवढा तुकडा मी आधीच चेनसॉने वेगळा करतो.

कागदपत्रं

आपल्या टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाकडे, आवाजाचे आणि व्यवसायाचे नियम काय आहेत ते विचारा. किडा पसरू नये म्हणून ॲशचं लाकूड हलवण्यावर असलेलं अमेरिकी केंद्र सरकारचं बंधन जानेवारी २०२१ मध्ये उठलं, तरी किडकं लाकूड दूर नेऊ नये. घराच्या बांधकामासाठी बहुतेक ठिकाणी ग्रेडचा, म्हणजे प्रतीचा, शिक्का असलेलंच लाकूड लागतं. शेड, कुंपण, फर्निचर यांना अडचण नसते.

हे वाचून महाराष्ट्रात कोणी अशी मिल मागवणार असेल तर थांबा. तिथे आरागिरणीला वनविभागाचा परवाना लागतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या, गोदावर्मन या जंगल वाचवण्याच्या खटल्यातल्या आदेशापासून हा विषय फार कडक झाला आहे. स्वतःच्या बागेतला साग, आंबा, फणस, ऐन किंवा किंजळ तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी घ्यावी लागते. उपवनसंरक्षकांच्या कार्यालयातून लेखी उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.

मिल आली, आता

ती पक्क्या, सपाट पायावर ठेवा. आमच्याकडे हिवाळ्यात गोठून जमीन फुगते, म्हणून वसंतात मी रूळ पुन्हा लेव्हलने तपासतो. पहिला ओंडका सरळ, मध्यम जाडीच्या पाइनचा घ्या. घरातला सगळ्यांत चांगला अक्रोड राखून ठेवा. कापल्या दिवशीच फळ्या रचा. प्रत्येक थरात एक इंची कोरड्या लाकडी पट्ट्या, दीड-दोन फुटांच्या अंतराने, एकावर एक नेमक्या रेषेत घाला. फळ्यांच्या टोकांना मेणाचा रंग लावा, वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. वाळायला एक इंच जाडीला साधारण एक वर्ष धरतात. माझ्या ॲशच्या थप्पीवर खडूने तारीख लिहिली आहे आणि पट्ट्यांच्या फटींतून अजूनही वारा सरळ आरपार जातो.