गाव कोकणात, गाडी मुंबईत: ती ठेवण्याचा खरा हिशोब कसा मांडावा

मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाने गाडी घेतली की तिचा पहिला लांबचा प्रवास ठरलेला असतो. गावी जायचं, ग्रामदेवतेसमोर उभी करायची, नारळ फोडायचा. गाडी घेताना मात्र एकच प्रश्न विचारलेला असतो: हप्ता झेपेल का? पुढे काटकसर सुरू होते ती पेट्रोलवर. पण शहरातली गाडी सगळ्यात जास्त पैसे खाते ती बिल्डिंगखाली उभी असताना. म्हणून हिशोबाची सुरुवात उभ्या गाडीपासून करायची आणि पेट्रोल शेवटी घ्यायचं.

खालचे आकडे एका मध्यम पेट्रोल हॅचबॅकसाठी गृहीत धरले आहेत: गाव कणकवलीजवळ, घर भांडुप किंवा डोंबिवलीसारख्या ठिकाणी. वही घ्या आणि प्रत्येक ठिकाणी तुमचा आकडा लिहा.

पायरी १: गाडी खरंच किती धावते ते लिहा

मनातला अंदाज चालणार नाही. मागच्या दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवर किलोमीटर छापलेले असतात, त्यांची वजाबाकी करा. गाडी अजून घ्यायची असेल तर गावाच्या फेऱ्या मोजा. गणपती, शिमगा, मे महिना आणि एखादी जत्रा किंवा लग्न धरलं तर वर्षाला चार. कणकवलीला जाऊन-येऊन सुमारे ९०० किलोमीटर होतात, शिवाय तिथे गेल्यावर मालवण, आचरा, सासुरवाडी अशी शंभरेक. म्हणजे चार फेऱ्यांचे ४,००० किलोमीटर. मुंबईत शनिवार-रविवारचं हिंडणं, दवाखाना, लग्नकार्य मिळून आणखी २,००० धरू. रोज कामाला लोकलने जाणाऱ्याच्या गाडीचे आकडे यापेक्षा फार वेगळे निघत नाहीत.

पायरी २: घसारा आणि व्याज आधी मांडा

घसारा म्हणजे गाडीची दरवर्षी घटत जाणारी किंमत. हा खर्च कुठल्याच महिन्यात खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून कोणी मांडत नाही. आणि सगळ्यात मोठा आकडा हाच असतो.

गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख लागले असं धरू. यात राज्याचा एकरकमी वाहन कर आला. आठ वर्षांनी ती २ लाखांना गेली तर ६ लाख झिजले, म्हणजे वर्षाला ७५,०००. हे अतिशयोक्त वाटत असेल तर विमा कंपन्यांचं कोष्टक बघा. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्के घट धरतात आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला थेट ५० टक्के. गाडी धावली नाही तरी ही घट चुकत नाही.

त्यावर कर्ज. ६ लाखांचं कर्ज ९.५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,६०० च्या आसपास बसतो आणि एकूण व्याज १ लाख ५६ हजार होतं. आठ वर्षांवर वाटलं तर वर्षाला १९,५००. रोख घेणाऱ्याने हसू नये. तेवढे पैसे ठेवीत असते तर त्यावर व्याज मिळालंच असतं. ते इथे लिहा.

नवीच गाडी हवी असेल तर एक बदल लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या छोट्या गाड्यांवर (पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत) जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्यांवर ४० टक्के. गावच्या कच्च्या रस्त्यासाठी उंच गाडी हवी म्हणून मोठी एसयूव्ही घेणाऱ्याने वर्षातून किती दिवस तो कच्चा रस्ता लागतो हे एकदा मोजावं. आणि आता बहुतेक वाड्यांपर्यंत डांबर पोचलंय.

पायरी ३: पार्किंगचा सोक्षमोक्ष गाडी घेण्याआधी लावा

चाळीत वाढलेल्यांना ही पायरी कळायला जरा वेळ लागतो, कारण तेव्हा गाडीच नव्हती. आता पुनर्विकासात टॉवर उभे राहिले आणि भांडणं पाण्यावरून उठून पार्किंगवर आली.

सोसायटीच्या ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा. जागा नावावर कायमची मिळते की दरवर्षी सोडत निघते? भाडेकरूला मिळते का? बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. आणि जागा यांत्रिक, एकावर एक गाड्या चढवण्याची असेल तर त्यात किती उंचीची आणि किती वजनाची गाडी बसते? शोरूममधून आणलेली गाडी या साच्यात मावली नाही की ती रस्त्यावर येते. बिल्डर उघडी जागा विकत देऊ करत असेल तर लगेच हो म्हणू नका. उघडं किंवा स्टिल्टचं (बिल्डिंगखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं आहे.

सोसायटीत जागा नसेल तर जवळच्या पेट्रोल पंपामागे, गॅरेजात किंवा मैदानालगत महिन्याच्या बोलीवर जागा मिळते. आपण २,५०० रुपये महिना धरू, वर्षाचे ३०,०००. गाडी धुणाऱ्याचे महिन्याला ६०० धरले तर वर्षाला ७,२०० आणखी. रस्त्यावर फुकट उभी करणाऱ्याने टोइंगचा दंड, खरचटलेले दरवाजे आणि चोरीला गेलेले आरसे या रकान्यात लिहावेत. तो आकडा शून्य कधीच नसतो.

पायरी ४: विमा वाचून घ्या

थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात तो १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी. कंपन्यांची चढाओढ असते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागावर, म्हणून घासाघीस तिथे करा. क्लेम न केल्याची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. विमा संपून ९० दिवस उलटले की ती जाते. एवढ्या-तेवढ्या ओरखड्यासाठी क्लेम करून ती घालवणं परवडत नाही.

कोकणात जाणाऱ्याने इंजिन संरक्षणाचं जोड-कलम घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीच्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी शिरलेली गाडी स्टार्ट केली की इंजिन फुटतं आणि साधी पॉलिसी त्या नुकसानीला हात लावत नाही. त्यामुळे कलम असो वा नसो, बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही. ओढून गॅरेजात न्यायची.

वर्षाला ६,००० किलोमीटरच चालवणाऱ्याने किलोमीटरवर ठरणाऱ्या विम्याबद्दलही विचारावं. जुलै २०२२ पासून विमा नियामकाने त्याला परवानगी दिली आहे आणि कमी धावणाऱ्या गाडीला हप्ता कमी बसतो. एजंट आपणहून सांगेलच असं नाही. आपण १८,००० धरू.

सर्व्हिसिंगचे १०,०००, टायरचे वर्षाला ४,००० आणि बॅटरीचे १,२५० हे जमा करा. पीयूसी किरकोळ आहे.

उभ्या गाडीची बेरीज: जवळजवळ १,६५,००० रुपये. अजून किल्लीही फिरवलेली नाही.

पायरी ५: आता रस्ता

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. गावच्या ४,००० किलोमीटरला १६ च्या ॲव्हरेजने २५० लिटर, म्हणजे २६,२५०. मुंबईच्या गर्दीत ॲव्हरेज ११ वर येतं, तिथल्या २,००० किलोमीटरला सुमारे १९,१००. सीएनजीवाल्यांचा हा आकडा बराच कमी येईल, पण गणपतीच्या आदल्या दिवशी पंपावरच्या रांगेत घालवलेले तास त्यांचे त्यांनी मोजावेत.

टोलचं गणित ऑक्टोबर २०२४ पासून थोडं सुटलंय. मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला. अटल सेतूवरून गेलात तर एकेरी २५० आणि परतीसह ३७५ रुपये. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना शासन टोलमाफी जाहीर करतं. आरटीओ किंवा वाहतूक पोलिसांकडून गाडीचा नंबर आणि प्रवासाची तारीख देऊन पास घ्यायचा, तो परतीलाही चालतो. निघण्याच्या दिवशी पास शोधत बसू नका.

सिंधुदुर्गातले बरेच जण मुंबई-गोवा महामार्गाला कंटाळून पुणे-कोल्हापूरकडून, फोंडा किंवा करूळ घाटाने उतरतात. किलोमीटर वाढतात, टोल वाढतो, कंबर वाचते. ऑगस्ट २०२५ पासून मिळणारा वार्षिक फास्टॅग पास (सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा) इथे उपयोगी पडेल असं वाटतं, पण तो फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर पैसे वेगळेच. चार फेऱ्यांसाठी तो घेण्याआधी तुमच्या वाटेवरचे राष्ट्रीय महामार्गाचे नाके मोजा.

पायरी ६: भागाकार करा

१,६५,००० अधिक पेट्रोलचे सुमारे ४५,००० म्हणजे टोल सोडून वर्षाला २ लाख १० हजार. भागिले ६,०००: किलोमीटरला ३५ रुपये.

आता दुसरा भागाकार. तुम्ही मनाशी म्हणत असाल की गाडी मुळात गावासाठीच घेतली, तर मुंबईतलं पेट्रोल वगळा. उरतात सुमारे १,९१,०००. चार फेऱ्या. एका फेरीचे ४७,८०० रुपये. हा आकडा घरच्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा.

पायरी ७: त्याच फेरीचा दुसरा भाव काढा

चौघांचं कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेसचं जाण्या-येण्याचं तिकीट, कणकवली स्टेशनपासून वाडीपर्यंत रिक्षा आणि गावात दोन-तीन दिवस भाड्याची गाडी, असा भाव लिहा. ४७,८०० च्या जवळपासही जाणार नाही. अडचण पैशाची नाही, तिकिटाची आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या तारखा सकाळी आठ वाजून काही मिनिटांतच भरतात. त्यामुळे कॅलेंडरवर चतुर्थीपासून ६० दिवस मागे जाऊन खूण करा, आणि हुकलं तर जादा गाड्यांच्या घोषणेवर डोळा ठेवा. एसटीचं गट आरक्षण हाही खरा पर्याय आहे. वाडीतली पुरेशी माणसं एकत्र आली तर बस मुंबईतून थेट गावात येते. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत.

भाड्याची गाडी घ्याल ती पिवळ्या नंबरप्लेटची घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या नंबरची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारी रेल्वेवर चढवून नेणारी रो-रो सुरू केली, रायगडातल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत, एका गाडीला ७,८७५ रुपये. कल्पना चांगली, पण मुंबई ते कोलाड हा त्रासाचा पट्टा आपणच चालवून पार करायचा आणि मग गाडी रेल्वेवर चढवायची, यात सुटका कितीशी झाली?

पैशाबाहेरचंही लिहा. गुडघे गेलेली आई रात्री स्टेशनच्या पुलावरून चढ-उतार करू शकते का? येताना तांदूळ, नारळ, आंब्याच्या पेट्या किती? घरात अचानक दवाखान्याची गरज पडते का? यातल्या एकाचंही उत्तर ठाम असेल तर ३५ रुपये किलोमीटर महाग नाहीत. “गाडी खंय आसा?” असं खळ्यात कोणीतरी विचारेल एवढंच कारण असेल, तर आहेत.

पायरी ८: गाडी गावातच ठेवून बघा

या पर्यायाचा विचार फार कमी जण करतात आणि मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. मुंबईत गाडी ठेवायचीच नाही. सात-आठ वर्षांची जुनी, घसारा बहुतेक संपलेली छोटी गाडी घ्यायची, गावच्या घराशी ठेवायची आणि आपण रेल्वेने जायचं. पार्किंग फुकट, घसारा थोडा, लांबच्या प्रवासाची झीज नाही. राज्य एकच असल्याने ठाण्याच्या एमएच ०४ चा सिंधुदुर्गाचा एमएच ०७ करत बसावं लागत नाही. फक्त १५ वर्षं पूर्ण होत आलेली गाडी घेऊ नका. नोंदणीच्या नूतनीकरणाचे ५,००० रुपये, वर पर्यावरण कर आणि तपासणीची दगदग मागे लागते.

तिचा शत्रू खारी हवा. पावसाआधी खालून गंजरोधक थर मारून घ्या, किनाऱ्यावर नेलीत तर गोड्या पाण्याने खालून धुवा. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत ओल धरते. चारी बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड बरी. माडाखाली आणि फणसाखाली तर अजिबात उभी करू नका. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवली तर ब्रेक चिकटतात, म्हणून गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावा. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा शेडमध्ये भाताची पोती नकोत.

आठवड्यातून एकदा ती वीस मिनिटं चालवणारा, लायसन्स असलेला माणूस लागतो. चुलतभाऊ असेल तर त्याला पेट्रोलचे पैसे देत जा आणि अडीनडीला गाडी वापरू द्या, नाहीतर दोन महिन्यांत तो विसरेल. कोणी मिळालंच नाही तर निघताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, टाकी भरलेली ठेवा. विमा आणि पीयूसी संपण्याच्या तारखा मात्र तुमच्याच फोनमध्ये लावा, कारण गावच्या रस्त्यावर ती चालवताना पकडला जाईल तो चुलतभाऊ.