बाहेरच्या पॅनेलवर नवे सर्किट घेण्यापूर्वीची तयारी

बाहेरच्या भिंतीवरील पॅनेलमधून पंपासाठी, अंगणातील दिव्यांसाठी किंवा गाडी चार्ज करण्यासाठी नवे सर्किट काढायचे ठरले की एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) आणि वायर या दोन वस्तू कोणालाही आठवतातच. म्हणून ही यादी तिसऱ्या वस्तूपासून सुरू करतो, ती म्हणजे केबल ग्लँड, म्हणजेच केबल पेटीत शिरते त्या छिद्रात तिला आवळून पाणी रोखणारे नटाचे बूच. मागच्या वेळी सगळे सामान हाताशी होते, फक्त ग्लँड नव्हता; केबल उघड्या छिद्रातूनच आत घेतली गेली आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट न्यूट्रलच्या पट्टीवर पोहोचले. पुढचे वाचण्याआधी कागदावर ‘ग्लँड’ एवढा शब्द लिहून घ्यावा.

पॅनेलमधील प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमननेच करायची आहे. खालची तयारी तो येण्याआधीची आहे, आणि तो काम करत असताना कशावर लक्ष ठेवावे याची आहे.

प्रथम भार मोजावा. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 3000 वॅटचा हीटर सुमारे 13 अँपिअर घेतो. पंपाच्या बाबतीत असा भागाकार न करता मोटरच्या पट्टीवर छापलेले अँपिअर धरावेत. हा आकडा आधीच्या भारात मिळवून तो मेन स्विचच्या क्षमतेत आणि मंजूर भारात बसतो का, हे तपासल्याशिवाय सामान आणायला जाऊ नये. त्यानंतर अंतर मोजावे, आणि तेही डोळ्यांनी नव्हे, टेपने, केबल ज्या वळणांनी जाणार त्या वळणांसकट. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून 13 अँपिअर 30 मीटरवर नेले तर सुमारे 7 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. 4 चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर ही घट साडेचार व्होल्टच्या आत राहते. आधी केबल ठरवावी आणि मग एमसीबी, कारण एमसीबी वायरचे रक्षण करण्यासाठी असतो: 2.5 ला 16 अँपिअर, 4 ला 20. तो वारंवार पडतो म्हणून तीच वायर ठेवून मोठा एमसीबी बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. अशाने वायर भिंतीतल्या भिंतीत तापते आणि एमसीबी शांत राहतो. मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे तिच्यासाठी स्वतःवर छापलेल्या अँपिअरच्या 5 ते 10 पटीला तत्काळ पडणारा सी वर्गाचा एमसीबी घ्यावा. बी वर्गाचा 3 ते 5 पटीलाच पडतो. पॅनेलमध्ये जागा रिकामी आहे का, हे दार उघडून पाहावे. नवा एमसीबी शक्यतो आधीच्याच बनावटीचा असावा, नाहीतर बसबार (सर्व एमसीबींना वीज पुरवणारी तांब्याची पट्टी) त्याच्या खाचेत नीट बसत नाही.

आता पुन्हा ग्लँड. पेटीवर आयपी 65 लिहिलेले असते, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही आत शिरत नाही. पण ही हमी न फोडलेल्या पेटीची असते. तिला एक छिद्र पाडून ते उघडे ठेवले की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ग्लँड घेताना केबलचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि ग्लँडच्या पाकिटावर दिलेल्या कमाल-किमान व्यासात तो बसतो का ते पाहावे. आकाराच्या नावावरून अंदाज बांधू नये: एम 20 च्या आट्यांचा व्यास 20 मिलिमीटर असतो, पण पीजी 16 चा 16 नसून 22.5 असतो, आणि छिद्र एकदा मोठे पडले की ते लहान करता येत नाही. ग्लँडमधील रबरी कडे एका गोल केबललाच सर्व बाजूंनी आवळते. तीन सुट्या वायरी त्यातून ओढल्या तर त्यांच्यामधल्या फटी तशाच राहतात. म्हणून केबल गोल आवरणाचीच घ्यावी. आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल असेल तर तिचा ग्लँड वेगळा मिळतो. सिलिकॉन फासून काम भागेल असे दुकानदार म्हणेल, पण ते ऐकू नये. छिद्र पेटीच्या तळाला घ्यावे, वरून कधीही नाही, आणि आत शिरण्याआधी केबलला खालच्या बाजूने एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच खाली टपकेल. छिद्र पाडताना आतले भाग कापडाने झाकावेत, कारण पत्र्याचा कीस एमसीबीच्या खाचांत पडतो. वापरात नसलेल्या छिद्रांसाठी बंद बुचेही त्याच खरेदीत घ्यावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, ग्लँड व त्याचा नट केबलवर आधी चढवायचा असतो. टोके जोडून झाल्यावर ग्लँड आठवला तर सगळी जोडणी सोडवावी लागते, आणि संध्याकाळ झालेली असली की ती कोणीच सोडवत नाही.

काम सुरू होण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे. मेन बंद असला तरी मीटरकडून त्याच्यापर्यंत येणारी वायर जिवंतच असते, आणि घरात इन्व्हर्टर किंवा सौर संच असेल तर वीज उलट्या बाजूनेही येऊ शकते. तोही बंद करावा. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नये. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी, मग पॅनेलमध्ये, मग पुन्हा चालू ठिकाणी लावून पाहावा, म्हणजे शून्य दिसले ते वीज नसल्यामुळे की मीटर बिघडल्यामुळे, हे नक्की कळते.

आरसीसीबी म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या प्रवाहात फरक पडला की वीज तोडणारा स्विच. नव्या सर्किटचा फेज ज्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागून घेतला, न्यूट्रलही त्याच आरसीसीबीमागच्या पट्टीवर जायला हवा. दुसऱ्या पट्टीवर गेला तर भार पडताच आरसीसीबी पडतो आणि दोष विनाकारण उपकरणाला दिला जातो. अर्थिंग वगळू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. बहुतारी वायरीच्या टोकांना फेरूल (तारा एकत्र दाबून धरणाऱ्या धातूच्या नळ्या) लावावेत.

उपकरण जोडण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. किमान 1 मेगाओहम यायलाच हवा. पुरवठा सुरू झाल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबावे, तासभर पूर्ण भार चालवावा, मग मेन बंद करून वायरमनकडून स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत. एमसीबीखाली सर्किटचे नाव लिहावे. दाराचे रबर तपासावे. दार लावण्याआधी ग्लँडचा नट हाताने फिरवून पाहावा. तो जरासुद्धा हलला तर पान्याने घट्ट करून मगच दार लावावे.