लाकडी पाणबुडीची प्रतिकृती करताना या चुका टाळा

डोलकाठ्या नाहीत, दोर नाहीत, तोफा नाहीत. त्यामुळे आधुनिक लष्करी पाणबुडीची प्रतिकृती इतर जहाजांपेक्षा सोपी असेल असे वाटते. प्रत्यक्षात नजर गुंतवून ठेवणारे बारकावे नसल्यामुळेच आकारातला मिलिमीटरभराचा दोषही लगेच दिसतो.

सर्वांत जास्त बिघडतो तो मधला भाग. अमेरिकी नौदलाच्या लॉस एंजेलिस वर्गातील पाणबुडीची लांबी सुमारे ११० मीटर आणि व्यास सुमारे १० मीटर आहे. १:२०० या प्रमाणात ती ५५ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर जाड होते आणि तिच्या लांबीचा बराच भाग एकसारख्या जाडीचा नळकांड्यासारखा असतो. हाताने घासताना मात्र दोन्ही टोकांकडे नकळत जास्त दाब पडतो आणि तिचा सिगार होतो. म्हणून समांतर भागाच्या सीमा पेन्सिलीने आखाव्यात, नाक आणि शेपटीसाठी पुठ्ठ्याचे साचे कापावेत आणि कॅलिपरने (जाडी मोजण्याच्या चिमट्याने) वारंवार मोजत राहावे. मधला भाग आधीच बारीक झाला असेल तर पुट्टी थापून तो फुगवण्यात अर्थ नाही. व्यास सर्वत्र ४.८ सेंटीमीटरवर आणावा, लांबी साधारण ५२.८ सेंटीमीटर करावी आणि प्रमाण १:२०८ धरून पुढचे सर्व भाग त्या मापाने कापावेत. मनोरा (पाठीवरचा उभा उंचवटा) आणि पंख मुख्य अंग पूर्ण झाल्यावरच करावेत, ते याचसाठी.

दुसरी चूक संदर्भांच्या सरमिसळीची आहे. लॉस एंजेलिस वर्गातील सुरुवातीच्या पाणबुड्यांचे आडवे पंख मनोऱ्यावर होते. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ‘सॅन हुआन’पासून ते पुढच्या भागात नेण्यात आले. दोन वेगवेगळी छायाचित्रे समोर ठेवून काम करणारा दोन्ही जागी पंख बसवतो आणि अशी पाणबुडी या वर्गात कधी नव्हतीच. एकच पाणबुडी, शक्यतो एकाच कालखंडातली, निवडावी.

पंख आणि सुकाणू लाकडाच्या रेषांकडे न पाहता कापले तर ते हमखास मुळाशी तुटतात. रेषा मुळापासून टोकाकडे जायला हव्यात. फार पातळ भागांसाठी बारीक प्लायवूड बरे. तुटलेला पंख नुसत्या गोंदाने टिकत नाही, त्यात पितळी तार घालून तो बसवावा.

मुख्य अंगाला भेग गेली तर बहुधा लाकूड पुरते वाळलेले नव्हते किंवा खोडाचा गाभा त्यात राहिला होता. अशा भेगेत त्याच लाकडाची पातळ पाचर गोंद लावून बसवावी, कारण तेथे भरलेली पुट्टी हवामान बदलले की पुन्हा सुटते. लाकूड आणखी वाळेल अशी शंका असल्यास काही आठवडे थांबावे.

रंगाबाबत थोडक्यात सांगायचे तर निव्वळ काळा रंग लहान प्रतिकृतीवर खेळण्यासारखा दिसतो. त्यात थोडा करडा मिसळून चकाकी नसलेला थर द्यावा. त्याआधी लाकडाची बारीक छिद्रे बुजवणारा सीलर आणि अस्तर लावून प्रत्येक थरानंतर बारीक पॉलिश पेपर फिरवला नाही, तर लाकडाच्या रेषा रंगातून वर दिसतात. बैठकीच्या खांबांची छिद्रे मात्र रंगकामापूर्वी, लाकूड सपाट चौकोनी असतानाच पाडावीत. गोल पृष्ठभागावर ड्रिल घसरते आणि छिद्र तिरके झाले की पाणबुडी कायमची एका कुशीवर झुकलेली राहते.