नेटवर्क अडॅप्टर एरर देतोय? दुरुस्त करताना या चुका टाळा

इंटरनेट गेलं की बरेच जण थेट ‘नेटवर्क रिसेट’ करतात, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमधून अडॅप्टरच (कॉम्प्युटरला वायफाय किंवा केबलने नेटवर्कला जोडणारा भाग) उडवून टाकतात. हे दोन्ही उपाय कामाचे आहेत, पण शेवटी करायचे. सुरुवातीलाच केले तर नक्की काय बिघडलं होतं ते कळायची सोय राहत नाही. कधी धड चालणारा ड्रायव्हरही (अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) जातो आणि तो परत उतरवायला इंटरनेट नसतं. खालची माहिती विंडोज १० आणि ११ धरून दिली आहे.

दोष अडॅप्टरचाच, असं धरून चालणं

मोबाईलचा डेटा बंद करा, त्याच वायफायला जोडा आणि एखादं पान उघडून पाहा. तिथेही उघडलं नाही तर कॉम्प्युटरला हात लावू नका. राउटर किंवा बाहेरची लाइन बघा.

मोबाईलवर चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, तर सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जाऊन जोडणीच्या प्रॉपर्टीज उघडा आणि आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कमध्ये कॉम्प्युटरला मिळालेला क्रमांक) वाचा. या एका ओळीवरून बराच उलगडा होतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो राउटरने दिलेला नाही. राउटरकडून उत्तर न आल्यामुळे विंडोजने तो स्वतःच लावून घेतला आहे. म्हणजे अडॅप्टर विंडोजला दिसतोय, ड्रायव्हरही चालू आहे, अडलंय ते पत्ता मिळण्यात. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. पत्ता १६९.२५४ चा नसेल तरी त्याच पानावर ‘आयपी असाइनमेंट’ ‘ऑटोमॅटिक’ आहे का ते तपासा. पूर्वी कोणी हाताने पत्ता भरून ठेवला असेल आणि नंतर राउटर बदलला असेल, तर हमखास इथेच अडतं. जुना पत्ता १९२.१६८.१ च्या मालिकेतला आणि नवा राउटर १९२.१६८.० वर, मग दोघांची गाठ पडणार कशी?

पत्ता १९२.१६८ चा, राउटरचं पानही उघडतंय, फक्त वेबसाइट उघडत नाहीत, असं असेल तर अडॅप्टर निर्दोष आहे. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून पाहा.

कोड न वाचता उपाय करत सुटणं

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये (ड्रायव्हरच नसेल तर ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये) पिवळं चिन्ह किंवा खाली वळलेला बाण दिसतोय त्यावर डबल क्लिक करा. ‘डिव्हाइस स्टेटस’च्या चौकटीत कोड दिलेला असतो. तो लिहून ठेवा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा.

कोड २२ म्हणजे अडॅप्टर डिसेबल केलेला आहे. राइट क्लिक करून ‘एनेबल’ केलं की झालं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे अडॅप्टर सुरू होत नाही, आणि ४३ म्हणजे त्याने स्वतः बिघाड कळवल्यामुळे विंडोजने तो थांबवला. हे दोन्ही ड्रायव्हरमुळे येतात तसे हार्डवेअरमुळेही येतात. कोड ५६ दिसला तर आधी कॉम्प्युटरवर एखादं व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं सॉफ्टवेअर) टाकलंय का ते बघा. ते काढून रीस्टार्ट केल्यावर बहुतेकदा एरर जातो.

‘शटडाउन’ केलं म्हणजे सगळं बंद झालं, असं समजणं

विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. ड्रायव्हरची अडकलेली अवस्थाही त्याच्यासोबत परत येते. म्हणून शटडाउन नको, ‘रीस्टार्ट’ करा.

त्यानेही कोड १० किंवा ४३ गेला नाही, तर वीज पूर्ण तोडायला हवी. कॉम्प्युटर बंद असतानाही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि नेटवर्कची चिप त्यावर जागी राहू शकते. अडकलेली चिप मग अडकलेलीच राहते. कॉम्प्युटर बंद करा, कॅबिनेटमागचा एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून ठेवा, दोन मिनिटं थांबा, मग चालू करा. लॅपटॉपला चार्जर काढून, आणि बॅटरी निघणारी असेल तर तीही काढून, हेच करायचं. अचानक ‘गायब’ झालेलं वायफाय कार्ड कित्येकदा एवढ्यानेच परत दिसतं.

केबल वरून चांगली दिसते म्हणून सोडून देणं

केबलने जोडलेलं असेल तर लॅन पोर्टवरचे दिवे बघा. एकही दिवा लागत नसेल तर ड्रायव्हर बदलण्याआधी केबल दुसरी लावून पाहा आणि राउटरवरचा पोर्ट बदलून पाहा. केबल घट्ट बसल्याचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. जॅकची प्लॅस्टिकची क्लिप तुटली असेल तर तो हळूहळू मागे सरकतो आणि नेट येत-जात राहतं.

फसवा बिघाड असा: लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. शंभर एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, एक, दोन, तीन आणि सहा नंबरच्या पिनवरच्या. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) मात्र आठही लागतात. उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली तर नेट चालू राहतं, पण ‘लिंक स्पीड’ १००० ऐवजी १००/१०० दाखवतो. अशा वेळी लोक महिनाभर ड्रायव्हर बदलत बसतात, आणि दोष दारात चेमटलेल्या केबलचा असतो. टोक कापून नवीन जॅक मारून घ्या, नाहीतर केबल बदला.

मिळेल तो ड्रायव्हर टाकणं

‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ करणारी सॉफ्टवेअर टाकू नका. चुकीचा ड्रायव्हर आणि नको ती प्रोग्रॅम्स त्यातूनच येतात.

अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. अंतर्गत कार्डाच्या आयडीत ‘व्हेन’ (VEN) नंतर ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०ईसी (10EC) असेल तर रिअलटेकची, १४सी३ (14C3) असेल तर मीडियाटेकची, १६८सी (168C) असेल तर क्वालकॉम अथेरॉसची. लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधून त्याच चिपचा ड्रायव्हर घ्या. नेट नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोज तो बहुधा लगेच ओळखतं.

त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर आधी ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येईल. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करायची वेळ आलीच, तर ड्रायव्हरही काढून टाकायच्या चौकटीत टिक करू नका. नवीन फाइल हाताशी असेल तरच करा. मग ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’.

थोडा वेळ वापर नसला की वायफाय तुटत असेल तर ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देण्याची टिक काढा. काही लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही.

रिसेटच्या आधी तयारी न करणं

नेटवर्क रिसेट सगळे अडॅप्टर काढून परत बसवतं. साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, हाताने भरलेले आयपी आणि डीएनएस जातात, व्हीपीएन पुन्हा टाकावं लागू शकतं. हे सगळं आधी कागदावर उतरवून घ्या.

एवढं करूनही पोर्ट मेलेला असेल तर तो जळाला असण्याची शक्यता मोठी. जिथे केबलवाल्याची तांब्याची लॅन केबल गच्चीवरून थेट घरात येते, तिथे पावसाळ्यात वीज कडाडली की त्या केबलमधून झटका पोर्टपर्यंत पोचतो. वादळ आलं की नुसता पॉवरचा प्लग काढून भागत नाही, लॅन केबलही काढा. जळालेल्या पोर्टसाठी मदरबोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबीला लावायचा गिगाबिट लॅन अडॅप्टर घ्या आणि तो यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये लावा. केबल राउटरशिवाय थेट कॉम्प्युटरला येत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: काही इंटरनेटवाले जोडणी जुन्या अडॅप्टरच्या मॅक पत्त्याला (प्रत्येक अडॅप्टरचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. नवा अडॅप्टर धडधाकट असूनही नेट येत नसेल तर त्यांना फोन करून नवा मॅक पत्ता नोंदवायला सांगा.