भरतकामाला मैत्रिणी जमणार? दोरे आदल्या रात्रीच लावून ठेवा

चौघी-पाचजणी भरतकामाला बसल्या की एकाच लडीवर सगळ्यांचे हात पडतात आणि निम्मी दुपार गुंता सोडवण्यात जाते. त्यावर हा उपाय:

१. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला कडेने पंचिंग मशीनने भोकं पाडा.

२. लडी हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंमी तुकड्यांत कापा. ८ मीटरच्या लडीतून असे १७ तुकडे निघतात. याहून लांब दोरा कापडातून ओढताना पिंजारतो, गाठी बसतात.

३. एका भोकात एकच रंग, दुमडून अडकवा. शेजारी लडीवरचा नंबर लिहा, म्हणजे पुढे इंदूरच्या राजवाड्याकडच्या बाजारात खरेदीला गेल्यावर नेमका तोच रंग मागता येतो.

दोरा सहा पदरी असेल तर पदर एकेक करूनच उपसा. दोन एकदम ओढले की गुंतलेच.

खायला पोहे केलेत, तर इंदूरला त्यांवर शेव आणि जिरावण (वरून भुरभुरायचा चटपटीत मसाला) हवंच! पण हळदीचा डाग पांढऱ्या कापडावरून सहजी जात नाही. कापडं आवरून मगच बशा मांडा.

सुया मात्र मोजून द्या, मोजून घ्या. एखादी कमी भरली तर सतरंजीवरून लोहचुंबक फिरवा; घरात रांगतं मूल असेल तर नक्कीच.