दाव्याचं समन्स आलंय? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

बांधाचा वाद, वाटप, भाडेकरू, उसने दिलेले पैसे... यातल्या कशावरून तरी तालुक्याच्या कोर्टात दावा दाखल होतो आणि बेलिफ दारात येतो. दिवाणी दावे वर्षानुवर्षं चालतात हे आपण इतकं ऐकलेलं असतं की घाई कसली, असंच वाटतं. प्रतिवादीला सगळ्यात महाग पडतो तो हाच समज. निकाल लागायला दहा वर्षं लागोत, पण तुमची बाजू कागदावर आणायची मुदत पहिल्या महिन्यातच सुरू होऊन संपते. समोर कुणी उभंच राहिलं नाही, तर वादीचा लंगडा पुरावाही उलटतपासाविना तसाच टिकतो.

समन्स घ्यायलाच नकार देणं

“मी सहीच केली नाही, मग मला कसं लागू होईल?” असं अनेकांना मनापासून वाटतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. नकार दिला तर बेलिफ समन्सची प्रत दाराला डकवतो आणि तसा अहवाल कोर्टाला देतो. पोस्टाने आलेलं पाकीट ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्यासह परत गेलं, तर कोर्ट समन्स बजावलं गेलं असंच धरतं. तुम्ही घरी नसाल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर सोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे, मग ती बाई असो की पुरुष, समन्स देता येतं. थोडक्यात, नकाराने दावा थांबत नाही. वादपत्रात, म्हणजे वादीने कोर्टात दिलेल्या लेखी मागणीत, काय लिहिलंय हे मात्र तुम्हाला कळत नाही.

समन्स घ्या आणि मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. पोस्टाने आलं असेल तर पाकीटही जपा, मुदत मोजताना ते कामी येतं. सोबत वादपत्राची प्रत आहे का, तेही लगेच बघा. ती असायलाच हवी. नसेल तर पहिल्याच तारखेला वकिलामार्फत तसं कोर्टाच्या नजरेला आणून द्या.

दिवाणी समन्स म्हणजे अटक नव्हे, हेही सांगायला हवं. पोलीस येतील या भीतीने घर सोडून नातेवाइकांकडे जाऊन राहणारी माणसं आहेत, आणि त्यात त्यांची पहिली तारीख बुडते.

कैफियतीची मुदत हलक्यात घेणं

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्ट कारण नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. साध्या दाव्यांत ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केलं आहे. पण त्यासाठी पटण्याजोगं कारण लागतं, बहुधा खर्चही भरावा लागतो, आणि ती नेहमीची वाट समजू नका असं त्याच न्यायालयाने बजावलं आहे. व्यापारी वादांसाठीच्या वाणिज्य न्यायालयात तर १२० दिवस ही शेवटची रेघ आहे. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो.

वेळेत कैफियत आली नाही की रोजनाम्यावर, म्हणजे दाव्याच्या तारखांच्या नोंदीत, ‘नो डब्ल्यूएस’चा (कैफियत नाही असा) हुकूम येतो. मग वादीच्या साक्षीदारांचा उलटतपास घेता येतो, पण तुमची म्हणून वेगळी हकिगत कोर्टापुढे मांडता येत नाही. पैसे परत केल्याची पावती खिशात असूनही उपयोग नाही, असं इथेच घडतं.

दुसरी चूक जास्त लपलेली आहे. कैफियत वेळेत दिली जाते, पण तिच्यात “वादीचे सर्व कथन खोटे असून प्रतिवादीस मान्य नाही” एवढीच एक ओळ असते. कायद्याला हा नकार पुरत नाही. वादपत्रातली जी गोष्ट नेमकेपणाने नाकारलेली नाही, ती कबूल केली असं धरलं जातं. समजा, वादीने लिहिलंय की अमुक तारखेला दोन लाख रोख दिले. “दोन लाख दिले नाहीत” हे उत्तर अपुरं आहे, कारण मग दीड लाख दिले का, हा प्रश्न उरतो. काहीच दिले नसतील तर काहीच दिले नाहीत, असं स्पष्ट लिहायला हवं. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी वादपत्राचा प्रत्येक परिच्छेद वाचा आणि शेजारी पेन्सिलीने खरं, खोटं किंवा माहीत नाही असं लिहून न्या. सातबारा, फेरफार, पावत्या, बँकेचे उतारे जे असेल तेही बरोबर घ्या, कारण कागदपत्रं कैफियतीसोबतच द्यायची असतात. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं वापरायचं असेल तर मूळ फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासाठी प्रमाणपत्र लागतं.

निशाणी ५ कडे दुर्लक्ष

वादपत्रासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज (कोर्टात यालाच निशाणी ५ म्हणतात) असेल तर त्यावर पहिल्या काही तारखांतच सुनावणी होऊ शकते. त्याला वेगळं म्हणणं द्यावं लागतं, कैफियतीची वाट बघू नका. मनाई झाल्यावर “आमचीच जमीन आहे” म्हणून नांगर घातलात तर मिळकत जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. हुकूम चुकीचा वाटला तर अपील करा. तो मोडू नका.

“भाऊ बघतोय ना”

वाटपाच्या दाव्यात सातआठ प्रतिवादी असतात. थोरला भाऊ वकील देतो, बाकीचे निर्धास्त होतात. पण थोरल्याने दिलेली कैफियत आपोआप सगळ्यांची होत नाही. तीच तुमचीही बाजू असेल तर ती स्वीकारल्याची पुरशीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन, तुमच्या सहीने द्यावी लागते. आणि ती बाजू खरंच तुमची आहे का, हे आधी वाचा. सासरी गेलेल्या बहिणींच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि त्यावेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. असं असताना “बहिणींनी हिस्सा सोडला आहे” असं वाक्य असलेल्या कैफियतीवर बहिणीचीच सही न वाचता घेतलेली असते. ताई, कोऱ्या वकीलपत्रावरही सही करू नका. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भावाच्या वकिलावर अवलंबून राहण्याची गरज नाही.

तारीख बुडाल्यावर हातपाय गाळणं

तुमच्या गैरहजेरीत दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम म्हणजे दावा हरलो असं नाही. निकाल लागलेला नसेल तर गैरहजेरीचं योग्य कारण देऊन तो रद्द करून मागता येतो. तो रद्द झाला नाही तरी पुढच्या टप्प्यापासून कामात भाग घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या संग्रामसिंग प्रकरणात १९५५ सालीच ठरलं आहे. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे निकालाचा आदेश, झाला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवस मिळतात. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हे दिवस तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. मात्र बजावणीत नुसती तांत्रिक चूक दाखवून चालत नाही. तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असं दिसलं, तर हुकूमनामा कायम राहतो. कामगार न्यायालयाची नोटीस आलेल्या लहान मालकांनीही हे ध्यानात ठेवावं, तिथेही एकतर्फी निवाडे होतात.

वकील दिला म्हणजे आपलं काम संपलं, असं नाही. दाव्याला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकला की पुढची तारीख आणि दावा कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. दर तारखेच्या संध्याकाळी ते बघा.

तडजोडीची घाई

तडजोड वाईट नाही, भाऊबंदकीच्या वादात तर मी ती आधी सुचवेन. लोक अदालतीत दावा मिटला तर कोर्ट फीही परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, आणि कोर्टात नोंदवलेली तडजोड बेकायदेशीर होती म्हणून नवा दावाही लावता येत नाही. त्यामुळे सही करण्याआधी गट नंबर, क्षेत्र, चारही बाजूंच्या चतुःसीमा, वहिवाटीचा रस्ता आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या त्यात लिहिल्या आहेत का ते बघा. “उत्तरेकडील भाग” एवढंच लिहिलेलं असेल तर मोजणी करून नकाशा तडजोडीला जोडायला सांगा, नाहीतर पुढे दरखास्तीच्या, म्हणजे अंमलबजावणीच्या, वेळी तोच वाद पुन्हा उभा राहतो.